जुनी रिंग आधी हातात घ्या

"ऑइल पिऊ लागलंय, रिंगा टाकून द्या." देवगाव फाट्यावर ट्रॅक्टर उभा करून माणूस खाली उतरतो तो हेच बोलत उतरतो. रोग त्यानंच ओळखलेला असतो, औषधही त्यानंच ठरवलेलं असतं. मिस्त्रीनं फक्त हेड उघडायचं, जुन्या रिंगा काढायच्या, नव्या घालायच्या आणि संध्याकाळपर्यंत ट्रॅक्टर मोकळा करायचा. पेरणी तोंडावर आलेली असते, भाड्याची कामं खोळंबलेली असतात, म्हणून मिस्त्रीही फार वाद घालत नाही. सहा महिन्यांनी तोच ट्रॅक्टर तसाच निळा धूर सोडत परत येतो. मग "माल डुप्लिकेट निघाला" म्हणून सगळा दोष रिंगांच्या पाकिटावर जातो.

ऑइल पिऊ लागलं हे खरं. पण दोष रिंगांचाच कशावरून? रिंगा गेल्या असतील तर कशानं गेल्या? आणि नव्या रिंगा ज्या भिंतीवर घासणार, ती लायनरची भिंत शाबूत आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरं हातात आल्याशिवाय रिंगांचं पाकीट फोडू नये, एवढंच मला सांगायचं आहे. पुढची पानं म्हणजे त्याचाच तपशील. इंजिनाचं काम शिकणाऱ्या पोरांसाठी ती लिहिली आहेत, पण ज्याच्या खिशातून पैसे जातात त्या शेतकऱ्यानंही ती वाचावीत अशी माझी फार इच्छा आहे.

मंठ्याकडून आलेला रस्ता आमच्या फाट्यावर फुटतो. एक जिंतूरकडे जातो, दुसरा सेलूकडे. फाट्यावरच्या मिस्त्रीला एकाच जातीचं इंजिन करून भागत नाही. सकाळी ट्रॅक्टर, दुपारी मोटरसायकलचं हाफ इंजिन, संध्याकाळी कोणाच्या तरी बैलगाडीतून आलेलं विहिरीवरचं जुनं ऑइल इंजिन. ही इंजिनं आता कमी झाली. शेतात वीज आली, मोटारी आल्या. पण मोट सोडवली ती या इंजिनांनी, हे विसरता येत नाही. १९१० साली किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगराचा कारखाना उभा राहिला आणि त्याच घराण्यानं १९४६ साली पुण्याजवळ खडकीला ऑइल इंजिनांची कंपनी काढली. इकडे साताऱ्याकडच्या कूपरचंही नाव होतं. गावात पिठाची गिरणी चालू आहे की बंद, हे त्या इंजिनाच्या पुकपुकीवरून अर्ध्या कोसावर कळायचं. आवाज जड झाला, मधेच दम तुटल्यासारखा यायला लागला, की म्हातारी माणसं म्हणायची, "गिरणीचा दाब गेला."

दाब हा शब्द त्यांनी अगदी बरोबर धरला होता. रिंग म्हणजे त्या दाबाची राखणदार.

पिस्टन लायनरमध्ये सैल असावाच लागतो. घट्ट बसवला तर तापून फुगेल आणि जागेवर जाम होईल. पण सैल ठेवला तर कोंडलेली हवा आणि जळलेला वायू बाजूनं खाली पळणार. ही फट बुजवायची कशी, हा प्रश्न वाफेच्या इंजिनापासूनचा. तेव्हा पिस्टनभोवती चरबीत भिजवलेला दोर गुंडाळत. दोर झिजायचा, जळायचा, पुन्हा पुन्हा भरावा लागायचा. इंग्लंडच्या लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेतल्या जॉन रॅम्सबॉटम या इंजिनिअरनं धातूची चिरलेली कडी वापरली आणि १८५४ साली तिथल्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे तिच्यावर निबंध वाचला. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, त्याच सुमाराची ही गोष्ट. कल्पना एवढीच की कडी भोकापेक्षा थोडी मोठी करायची, एका जागी चिरायची आणि दाबून आत घालायची. आत गेल्यावर ती स्वतःच्या ताणानं भिंतीला चिकटून राहते. आज आपण पाकिटातून काढतो ती रिंग अजून तीच आहे.

मात्र नुसत्या ताणावर रिंग दाब धरते असं समजू नका. तिचा स्वतःचा ताण बेताचाच असतो. खरा जोर लावतो तो वरून आलेला वायू. रिंग आणि पिस्टनवरच्या तिच्या खाचेच्या मधल्या बारीक फटीतून तो रिंगेच्या पाठीमागे शिरतो आणि तिला भिंतीवर दाबतो. म्हणजे ज्याला अडवायचं त्याच्याच बळावर रिंग त्याला अडवते. माझ्या मते सगळ्या इंजिनात याच्याइतकी देखणी युक्ती दुसरी नाही. ही युक्ती ध्यानात आली की पुढचं बरंच आपोआप उलगडतं. खाचेत काजळी भरली की वायूला मागे जायला वाट राहत नाही, रिंग खाचेत चिकटून बसते आणि नवीकोरी असूनही कामातून जाते. खाच झिजून रुंद झाली की रिंग तिच्यात आपटत राहते आणि एक दिवस तुटते.

दाब धरण्याशिवाय रिंगांना आणखी दोन कामं आहेत. पिस्टनच्या माथ्याला लागलेल्या उष्णतेचा मोठा वाटा रिंगांमधूनच लायनरमध्ये उतरतो. रिंगा गेल्या की पिस्टन तापतो तो यामुळे. आणि खालची ऑइल रिंग भिंतीवर उडालेलं ऑइल खरवडून परत चेंबरमध्ये पाठवते, पण अगदी कोरडं करत नाही, अंगाला लागेल एवढा थर ठेवते. हे सगळं ती किती धावून करते याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहा. किर्लोस्करचं पाच हॉर्सपॉवरचं ए. व्ही. १ इंजिन घ्या. बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११०, फेरे मिनिटाला १५००. एका फेऱ्यात रिंग २२० मिलिमीटर घासते, मिनिटाला ३३० मीटर, तासाला जवळजवळ २० किलोमीटर. आठ तास पाणी चाललं तर विहिरीच्या काठावर उभ्या जागी त्या रिंगेनं दीडशे किलोमीटरहून जास्त वाट तुडवलेली असते. मधल्या ऑइलच्या पातळ थरात काळ्या रानाची चिमूटभर धूळ मिसळली तर काय होईल, हे कोणी समजावून सांगायची गरज नाही.

रिंगा गेल्यात की नाही हे हेड न उघडता बरंचसं कळतं. हँडलच्या इंजिनात तर फारच सोपं. हँडल हळू फिरवत पिस्टन दाबाशी आणा आणि तिथंच धरून ठेवा. धडधाकट इंजिन तुमचा हात थोडा वेळ मागे रेटत राहतं. गेलेल्या इंजिनात तो रेटा फुस्सदिशी विरतो. तेव्हा कान द्यायचा. आवाज सायलेन्सरच्या नळीतून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय. एअर क्लीनरकडून आला तर इनलेट. ब्रीदरमधून किंवा ऑइल टाकायच्या तोंडातून आला, तरच तो रिंगांचा आणि लायनरचा. निळ्या धुराचंही तसंच आहे. व्हॉल्व्हची गाइड झिजली तरी धूर निळाच येतो. चेंबरमध्ये ऑइल खुणेच्या वर भरलं तरी येतो. एअर क्लीनरच्या वाटीत जास्तीचं ऑइल ओतलं तर इंजिन तेच ओढून जाळतं. असे ट्रॅक्टर मी पाहिले आहेत. वाटीतलं ऑइल खुणेवर आणल्यावर धूर थांबला, आणि मालक मात्र रिंगांचे पैसे खिशात घेऊन आला होता.

आता गॅपविषयी, म्हणजे रिंगेच्या चिरलेल्या दोन टोकांमधल्या फटीविषयी, सविस्तर लिहितो, कारण बहुतेक जण इथंच चुकतात.

मी शिकाऊ होतो तेव्हाची गोष्ट. उस्तादांनी पाकिटातली वरची रिंग काढली, दोन बोटांनी दाबून लायनरच्या तोंडात घातली आणि पिस्टन उलटा करून त्याच्या माथ्यानं हळूच खाली लोटली, म्हणजे ती तिरकी राहू नये. मग फिलर गेजचं पान माझ्या हातात दिलं. "घाल." पान गेलं. "कसं गेलं?" मी म्हणालो, "गेलं की." त्यांनी ते काढून जाडसर पान दिलं. ते अडलं. मधलं दिलं. पत्त्याच्या जुडीतून एक पान ओढावं तसं ते थोडं धरत, थोडं सोडत गेलं. "हां, हे माप. ०.३५. लिही." मी खडूनं भिंतीवर लिहिलं. मला वाटलं काम झालं. त्यांनी रिंग वर ओढली, जिथं जुनी रिंग सगळ्यात वर येऊन परत फिरायची त्या जागी आणली, सरळ केली आणि म्हणाले, "आता इथं घाल." तिथं ०.९५ ची पानं जोडून घातली तेव्हा कुठं धरलं. एकच रिंग, एकच लायनर, आणि दोन मापं.

"फरक किती?" "०.६०." "तीननं भाग." "०.२०." "एवढा लायनर वर खाल्लाय. आता सांग, नुसत्या रिंगा टाकायच्या का?"

शाळेत वर्तुळाचा परीघ काढताना बावीस सप्तमांश घोकलं होतं, ते असं फाट्यावर कामी येईल हे गुरुजींनीही सांगितलं नव्हतं. बोअर ०.१ मिलिमीटरनं वाढला की परीघ त्याच्या तिपटीहून थोडा जास्त, म्हणजे सुमारे ०.३१ नं वाढतो, आणि ती सगळी वाढ रिंगेच्या गॅपमध्ये दिसते. ज्याच्याकडे महागडा बोअर गेज नाही त्यानं एक नवी रिंग आणि एक फिलर गेज यांवर लायनरची झीज काढावी. गोलाई बिघडली आहे का हे या पद्धतीनं कळत नाही, त्याला बोअर गेजच लागतो. पण लायनर ठेवायचा की बदलायचा, हे ठरवायला बहुतेक वेळा एवढं माप पुरतं.

गॅप मुळात लागतोच कशाला, असं नवी पोरं विचारतात. प्रश्न चांगला आहे. ८० मिलिमीटरच्या रिंगेचा घेर २५१ मिलिमीटर. लायनरपेक्षा ती शंभर अंशांनी जास्त तापली तर घेरात पाव मिलिमीटरहून जास्त वाढते. ती वाढ जायला जागा हवी. जागा ठेवली नाही तर दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात, रिंग फुगून भिंतीला करकचून धरते, लायनर ओरबाडते आणि तुटते. म्हणून या आकाराच्या बोअरला साधारण ०.३० ते ०.४५ गॅप देतात. नेमका आकडा ज्या त्या इंजिनाच्या पुस्तकातून घ्यावा. गॅप जास्त असला तर थोडा दाब निसटेल, इंजिन चालत राहील. कमी असला तर इंजिन बसेल. म्हणून कमी गॅपची रिंग "बसेल हळूहळू" म्हणून कधीही घालू नये. बारीक कानशीनं टोक घासून घ्यावं, आणि घासताना कानस रिंगेच्या बाहेरच्या अंगाकडून आत न्यावी. उलटी चालवली तर वरच्या रिंगेच्या क्रोमचा टवका उडतो.

माझ्या हातून झालेली एक चूक इथं लिहितो. उस्तादांकडून सुटून मी स्वतःचं काम सुरू केलं त्याच वर्षीची आहे. ट्रॅक्टरमालक घाईत होता, मी त्याच्याहून घाईत. लायनरच्या वरच्या काठाजवळ, जिथपर्यंत रिंग पोचत नाही, तिथं न झिजलेल्या लोखंडाची कंगोऱ्यासारखी धार राहते. नखाला अडते. मी नख फिरवलं नाही. जुनी रिंग झिजून झिजून त्या धारेच्या अंगानं चालायला शिकलेली होती. नव्या रिंगेची कड चौकोनी, ती प्रत्येक फेऱ्याला त्या धारेवर आपटत राहिली. थोड्याच दिवसांत रिंग तुटली, पिस्टनच्या खाचेची कड घेऊन गेली, आणि तुकड्यांनी लायनर वरपासून खालपर्यंत चिरला. शेतकऱ्यानं शिवी दिली नाही. "पाळी गेली रे," एवढंच बोलला. ज्या कामाला नख फिरवण्याइतका वेळ लागला असता, त्यात त्याच्या पिकाचं पाणी चुकलं. त्या दिवसापासून नख फिरवल्याशिवाय मी एकही रिंग घातलेली नाही.

आता जुन्या रिंगांविषयी. गॅरेजात त्या निघाल्या निघाल्या भंगाराच्या डब्यात जातात, आणि इंजिनाला काय झालं होतं हे सांगणारा साक्षीदारच हातचा जातो. रिंग डिझेलनं पुसा आणि उन्हात धरा. अंगावर उभे बारीक ओरखडे आणि मळकट करडा रंग असेल तर ते धुळीचं काम. त्यातही वरची रिंग आणि लायनरचा वरचा भाग जास्त खाल्ला असेल तर धूळ हवेतून आली. खालची ऑइल रिंग आणि बेअरिंगं जास्त खाल्ली असतील तर घाण ऑइलमधून फिरत होती. दोन्ही ठिकाणी रिंगा त्याच बदलायच्या, पण बंदोबस्त वेगळा करायचा. रिंग खाचेत घट्ट चिकटून निघाली, अंगावर काळी राळ असली, तर इंजिन फार तापलं, ऑइल वेळेवर बदललं नाही किंवा नोझल ठिबकत होतं. टोकं आरशासारखी चकाकत असतील तर आधीच्या मिस्त्रीनं गॅप पाहिला नव्हता. एकाच बाजूनं घासली असेल तर कनेक्टिंग रॉड वाकलेला आहे का ते तपासा, नाहीतर नवीही तशीच घासेल. आणि सगळीकडून सारखी, गुळगुळीत, चमकदार झिजली असेल, तर ती आपलं आयुष्य पुरं करून निघाली. अशी रिंग फार थोड्या वेळा पाहायला मिळते, आणि दिसली की मला त्या ट्रॅक्टरच्या मालकाचं कौतुक वाटतं.

आमच्याकडं बहुतेक रिंगा धुळीनंच जातात. उन्हाळ्यात नांगरट, रोटाव्हेटर, मग सोयाबीनची मळणी. या दिवसांत ट्रॅक्टर स्वतःच्याच धुळीत श्वास घेत असतो. धुळीतले वाळूचे कण लायनरच्या बिडापेक्षा कठीण असतात. एअर क्लीनरच्या वाटीतलं ऑइल चिखलासारखं झालं तरी कोणी उघडून पाहत नाही. त्याहून वाईट म्हणजे क्लीनरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी पाइपाची भेग. क्लीनर कितीही स्वच्छ ठेवा, धूळ त्या भेगेतून सरळ आत जाते, आणि हजारोंचं इंजिनकाम त्या एका पाइपापायी वाया जातं. तपासायला फार काही लागत नाही. पाइप सोडवून आतून बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर रिंगा आज घाला नाहीतर उद्या, त्या जाणारच.

बसवण्याची पद्धत पुढच्या पानांत चित्रांसह दिली आहे, म्हणून इथं ती उरकतो. खाचा साफ करताना पिस्टनचं अॅल्युमिनियम खरवडू नये. 'टॉप'ची खूण वर ठेवावी. गॅप एकाखाली एक येऊ न देता वेगवेगळ्या बाजूंना फिरवून द्यावेत. क्रोमच्या लायनरमध्ये क्रोमची रिंग घालू नये. एका गोष्टीवर मात्र थांबतो, कारण तिथं जुन्या मिस्त्रींशीही माझं पटत नाही. होनिंग केल्यावर, म्हणजे लायनर आतून दगडानं घासून घेतल्यावर, तो डिझेलनं धुतात. डिझेलनं तेलकटपणा जातो, पण होनिंगच्या दगडाची कचकच जागेवर राहते. साबण आणि कोमट पाण्यानं घासा, पांढरं फडकं फिरवा, फडकं पांढरंच निघेपर्यंत घासत राहा आणि लगेच ऑइलचा हात द्या.

तसंच नवं इंजिन रात्रभर बारीक ठेवून "बसवायची" रीत. रिंग बसायला तिच्या पाठीमागे दाब लागतो हे वर सांगितलंच. बिनकामाच्या इंजिनात तो दाब नसतो. रिंग नुसती सरकत राहते, होनिंगच्या बारीक रेघा बुजून लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि ऑइल पिणं सुरूच राहतं. गरम झालं की मध्यम काम द्या. फार ओढ नको, पण अगदी मोकळंही नको. आणि पहिलं ऑइल लवकर बदला.

ही पुस्तिका वाचून प्रत्येकानं स्वतः इंजिन खोलावं असं माझं म्हणणं नाही. पण ट्रॅक्टर गॅरेजात लावाल तेव्हा मिस्त्रीकडे दोन गोष्टी मागा. रिंगेचा गॅप वर किती आणि खाली किती ते बिलाच्या मागे लिहून घ्या, आणि निघताना जुन्या रिंगा कागदात बांधून घरी न्या. आमच्या फाट्यावर मागितल्या तर कोणीही नाही म्हणणार नाही. घरी गेल्यावर त्या उन्हात धरून पाहा, आणि त्याच दिवशी एअर क्लीनरचा पाइप सोडवून आतून बोट फिरवा.